शैला आणि रोसाचं घर

मंडळी, आपण सगळे आलात. काही जण पार न्यू जर्सीहून ड्राइव्ह करून आलात. मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. आमची अनघा सकाळी म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू." पण गप्प बसूनही काही फरक पडत नाही. म्हणून बोलतो.

मागच्या रांगांत बसली आहेत ती शैलाची माणसं. मेक्सिकोची, होन्डुरासची, ग्वाटेमालाची. मी काय म्हणतोय ते अनघा त्यांना हळू आवाजात सांगते आहे.

तुमच्यापैकी पुष्कळजण मला म्हणालात, अरविंदराव, तुम्ही खंबीर आहात. मी खंबीर नाही हो. मला काही जाणवतच नाहीये. फ्युनरल होममध्ये जे विचारलं त्याची नीट उत्तरं दिली. परवा गाडीचं ऑइल बदलून आणलं. बायको गेल्यावर माणूस ऑइल बदलतो का? मी बदललं.

शैला बँकेत होती, होम लोनच्या विभागात. तिच्यापुढे लॅटिनो कुटुंबं यायची. दोघंही राबणारी, भाडं कधी न चुकवणारी. पण क्रेडिट कार्ड कधी घेतलेलं नाही, मजुरी रोख मिळालेली, सोबत म्हातारी आई, धाकटा भाऊ. अर्ज नामंजूर व्हायचा. तो निरोप द्यायचं काम शैलाचं. एक दिवस घरी येऊन म्हणाली, मला आता हे सांगवत नाही. बँक सोडली आणि पहिलं घर घेणाऱ्यांना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत गेली. पन्नाशी उलटल्यावर स्पॅनिश शिकली. सातारी स्पॅनिश. ही मागची मंडळी हसायची, तीही हसायची.

सुनंदावहिनी, तुम्हीच तिला इथे, मंडळाच्या याच हॉलमध्ये विचारलं होतं, आपल्या लोकांसाठी का नाही करत? आठवतं? शैला म्हणाली होती, "आपल्या लोकांना विचारायला आपले लोक आहेत. यांना कोण आहे?"

मागून तिसऱ्या रांगेत रोसा बसली आहे. नर्सिंग होमच्या किचनमध्ये काम करते. शेजारी तिचा नवरा एक्तोर, तिची आई, तिचा भाऊ आणि दोन मुलं. सगळे एका अपार्टमेंटमध्ये राहतात. भावाचा पगार धरला तरच कर्ज बसत होतं, आणि भावाचा पगार धरायला कोणी तयार नव्हतं. शैला एका बँकेत गेली, दुसऱ्या बँकेत गेली. तिचं म्हणणं एकच. एका चुलीवर जेवतात, मग एका कर्जावर सह्या का नकोत? आपल्याकडे वेगळं काय होतं? शेवटी एक बँक तयार झाली. घरही मिळालं.

त्या दिवशी सह्यांआधीची घराची तपासणी, इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्टर खाली बेसमेंटमध्ये, शैला आणि रोसा पुढच्या दाराशी. शैला एकदम पायरीवर बसली. मग तिची स्पॅनिश गेली, इंग्रजीही गेली. मराठीत काहीतरी बोलली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रोसाने मला ते शब्द ऐकले तसे म्हणून दाखवले. "पानी दे ग." याचा अर्थ काय, म्हणून विचारलं. मी सांगितला. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "आय गेव्ह हर."

तिला शब्द कळले नव्हते. शैलाचे ओठ सुकलेले दिसले, एवढंच. रिकामं घर, भांडं नाही, ग्लास नाही. ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि किचनच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन धावत आली.

मंडळी, मी तिथे नव्हतो. अनघा नव्हती. रोसा होती.

नंतर काही दिवसांनी रोसा आणि तिची आई आमच्याकडे आल्या. जेवण घेऊन आल्या. डबे टेबलावर ठेवून रोसा म्हणाली, आम्ही ते घर घेत नाही. तुमची बायको आमच्यासाठी धावत होती. त्या पायरीवरून आम्ही रोज आत-बाहेर कसं करायचं?

मी म्हणालो, "घर सोडलंत तर शैला मला फार रागावेल."

रागावेल, असंच म्हणालो. बोलून गेल्यावर लक्षात आलं. रोसाने आईला ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्या माऊलीने माझा हात हातात घेतला आणि जाईपर्यंत सोडला नाही. मला तेव्हाही रडू आलं नाही.

शुक्रवारी सह्या झाल्या. भावाचीही झाली. किल्ल्या मिळाल्या.

उद्या सकाळी सामान हलवायचं आहे. एक्तोरच्या ट्रकमध्ये सगळं मावणार नाही. ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे, त्यांनी जाताना अनघाशी बोला. मीही जाणार आहे. घरी बसून करू काय?

आता शैलासाठी जरा उभे राहू या. किती वेळ, ते अनघा बघेल, मला सध्या वेळेचा अंदाज येत नाही. मागे लहान मुलं आहेत. ती बोलली, खिदळली, तर त्यांना गप्प करू नका. शैलाला शांत घर कधी आवडलं नाही.