नानांनी हाताने पकडलेली कुरकुर

माझ्या पिकअपची कुरकुर रोजचीच होती. सचिन गावच्या कारखान्यांतून कापड भरून निघालो की प्रत्येक खड्ड्यात मागून कुईं व्हायचं. मेकॅनिकने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस लावलं, शॉकअप बदलले, तरी आवाज जाईना.

एका रविवारी वडिलांना, म्हणजे नानांना, बळंच सोबत गॅरेजवर नेलं. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात आयुष्य काढून त्यांचे कान गेले, तेव्हापासून ते घराबाहेरच पडत नव्हते. मी आणि मेकॅनिक गाडी मागून दाबत होतो, तर नाना खाली बसून पाट्यांवर हात ठेवायला लागले.

"काका, तुम्हाला ऐकू येतं?" मेकॅनिकने खुणेनं विचारलं.

"नाही. पण लूमचा बिघाडही मी हातानंच ओळखायचो. दाबा अजून."

डाव्या पाट्याच्या मागच्या टोकाला त्यांचा हात थांबला. "इथं घासतंय."

खोललं तर आतला रबरी बुश फाटलेला. नवा टाकला आणि आवाज बंद झाला.

दोन दिवसांनी मेकॅनिक घरी आला. "काका आहेत का? एका टेम्पोचा आवाज सापडत नाहीये."

मी नानांना खुणेनं सांगितलं. ते आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्याआधी दाराबाहेर जाऊन उभे राहिले.