भिंतीवरची एक टकटक

— नाही नाही, ते खोकं राहू द्या, मिसेस व्होस, पुस्तकांचं आहे, कंबर धरेल तुमची. ड्युब्यूकहून एवढ्या बर्फात गाडी चालवत आलात, जरा टेका की. मी हॅडली, हॉस्टेलवर तुमच्या लेकीच्या शेजारच्या खोलीतली — तुम्ही भोपळ्याचा केक पाठवायचात ना, त्यातला निम्मा माझ्याच पोटात जायचा. तुमची मार्नी सगळ्यांना वाटायची. सगळंच सामान नेताय, म्हणजे परत येणार नाही ती? ऐकू अजिबातच येत नाही? दोन्ही कानांनी? … हं. पण मेंदूज्वरातून वाचली, हे काय कमी आहे? सगळे तेच म्हणतात.

ही? ही रिबीन. दाराला लाल रिबीन म्हणजे आत अभ्यास चाललाय, कुणी दार वाजवायचं नाही. आम्हा डॉक्टर व्हायला निघालेल्यांच्या मजल्याची रीतच आहे ती. बाकीच्या कॉलेजला शनिवार-रविवार असतो, आम्हाला रिबीन असते. ती आजारी पडली त्या रविवारी कुणी आत डोकावलं नाही ते निष्ठुरपणाने नव्हे हो, उलट मान राखला तिचा. सोमवारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर होता — आणि तिथे ग्रेड एकमेकींच्या तुलनेत मिळते, शेजारणीचा बुडाला की आपला तरतो. असल्या ठिकाणी मैत्री करायची तरी कशी? मार्नी करायची. वाढदिवस तिलाच आठवायचे, शुक्रवारी पार्टीला ओढून न्यायची आणि दोन नाच झाले की परत आणून पुस्तकापुढे बसवायची. तिला दोन्ही जमायचं. मला एक धड जमायचं नाही.

लक्षणं ओळखता आली नाहीत का? आली असती की. ताप, मान आखडणं, उजेड न सोसणं — इथल्या कुठल्याही मुलीला विचारा, झोपेत सांगेल. नंतर आम्हा सगळ्यांना खबरदारीच्या गोळ्या दिल्या ना, तेव्हा रांगेत उभ्या उभ्या एकमेकींना तेच म्हणून दाखवत होतो. लाज वाटते सांगायला. सकाळी पडदे ओढून बसली होती ती, डोकं ठणकतंय म्हणाली — आणि मी काय म्हटलं? कॉफी कमी कर. मग तिनेच दाराला रिबीन लावली. तुम्ही संध्याकाळी फोनवर फोन केलेत, ती उचलेना, म्हणून मजल्याच्या प्रमुखाला दार उघडायला लावलंत. तुम्हाला तेवढ्या लांबून कळलं, आणि आम्ही सगळ्या होऊ घातलेल्या डॉक्टर त्याच दारावरून जेवायला गेलो आणि जेवून परत आलो.

तिला त्या दिवसाचं काही आठवतं का हो? नाही ना? बरं झालं. म्हणजे — यातना आठवू नयेत माणसाला, एवढंच. भिंतीचंही काही बोलली नाही? नाही, तसं काही नाही, आमचा खेळ होता. ही मधली भिंत पातळ आहे बघा. दोनदा टकटक म्हणजे 'ये बाहेर, पाच मिनिटं गप्पा मारू'. रिबिनीचा नियमही मोडायचा नाही आणि मैत्रीही टिकवायची, म्हणून काढलेली पळवाट — तिनेच काढलेली. रविवारी दुपारी वाजली दोनदा. मग पुन्हा. मग बराच वेळ गेल्यावर पुन्हा, अगदी हळू. माझा एक धडा राहिला होता हो. मला वाटलं, हिचं झालं वाटतं वाचून, आता माझा वेळ खायला — वाटलं तसं, काय करू? पेपर छान गेला माझा.

नाही, उत्तर दिलं मी. न देऊन कसं चालेल? एकदा वाजवलं. एकदा म्हणजे 'नको'.

… मिसेस व्होस? बसा तुम्ही. पाणी आणू? तिला सांगणार आहात का? म्हणजे, लिहून — मी येईन ना भेटायला, परीक्षा संपल्या की लगेच, नाताळच्या सुट्टीत — नको? … बरं. खोकं तेवढं खाली गाडीपर्यंत — तेही नको? बरं. जाते मी. दार लोटून घेऊ, की —