चंदाच्या नावापुढचं शून्य

जव्हारच्या एसटी स्टँडवर कारकून सुदर्शन गाडीची वाट पाहत होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे आश्रमशाळेचे खेळाचे सर मजूर लक्ष्याला मोबाइल दाखवत होते.

“अमेरिकेतली बेसबॉलची मॅच, सन बावन्नची. चेंडू न् चेंडू लिहिलाय!”

“सत्तर वर्सं जपलं? भारी माणसं!”

“हा गडी एकदाच आला. धावा शून्य, झेल शून्य.”

“तरी नाव हाय?”

“मैदानात उतरला होता ना!”

“मंग सर, परवा शाळेच्या मॅचला आमची पोर चंदा बी उतरलेली. तुमच्या वहीत तिचं नाव नाय.”

“तिच्याकडे चेंडूच आला नाही रे. काय लिहू?”

“शून्यच लिवा. पन तिच्या नावाम्होरं लिवा.”

सरांनी वही काढली आणि खिसे चाचपले.

सुदर्शनने पेन पुढे केलं. वीस वर्षांच्या नोकरीत कुणी न सांगता त्याने केलेलं ते पहिलंच काम.