डब्याला लाईट लागते

बायको मल्लम्मा गेल्याचं गुरुलिंगआप्पाला परळीच्या बाजारात कळलं. छातीत कळ आली तेव्हा घरचा तारेचा फोन तिच्या उशाशीच होता, तरी तिनं कुणालाच लावला नाही, याचा त्याला राग होता. महिन्यानं तो हा फोन कायमचा बंद करायचा अर्ज घेऊन केजला, फायबरवाल्याच्या दुकानात गेला. रांगेत पुढं मुक्ताबाई नावाची म्हातारी दुकानदाराशी भांडत होती.

“लाईट गेली की तुझा फोन मुका कावून होतो रं?”

“मावशी, फोन ज्याला जोडलाय त्या फायबरच्या डब्याला लाईट लागते. डबा बंद, तर फोन बंद.”

“जुना तर अंधारात बी वाजायचा!”

“त्याच्या तांब्याच्या तारेतून एक्सचेंजचाच करंट यायचा. फायबर म्हंजी काच. काचेतून उजेड जातो, करंट न्हाई.”

“मंग मी पडले-झडले तर काय टाळ्या वाजवू?”

“डब्याला बॅटरी बसवा.”

“आधी सांगायला तोंडाला कुलूप होतं व्हय?”

रांग हसली. गुरुलिंगआप्पा पुढं सरकला.

“नंबर दाबला तर?”

“कितीबी दाबा, आप्पा. लागत न्हाई.”

“त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती.”

“कंच्या दिवशी?”

“आमची मालकीण गेली, त्या दिवशी.”

“अरारा! डबा कवा घेतला तुमी?”

“लेकीनं बसवला. आईशी रोज बोलता यावं म्हणून. जुनी तार तिनंच काढायला लावली.”

अर्ज तसाच खिशात घालून तो वडगावला घरी परतला. आईनं फोन का केला नाही, असं लेक अजून विचारते. तिला सांगायचं राहिलं आहे.