चुलीवरून आलेलं पाणी

नदीकाठच्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासायचं ठरलं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीपुढे ही रांग लागली. गवंडीकाका आपली बाटली पोटाशी धरून उभे होते. कान मात्र पुढच्या सासूसुनेच्या बोलण्याला लागले होते.

"आई, बाटली एवढी गरम कशी?"

"उकळलंय. त्याआधी दुहेरी फडक्यातून गाळलं."

"अहो, विहिरीत आहे तसंच आणायला सांगितलं होतं."

"आहे तसं? परक्या माणसांपुढे? तुझ्या सासऱ्यांनी खणलीय ती. नापास झाली तर उद्या येऊन लाल फुली मारतील तिच्यावर."

"पण परीक्षा विहिरीची आहे, तुमच्या चुलीची नाही."

"लेकाला शाळेत पाठवताना तोंड धुऊनच पाठवतेस ना?"

"म्हणूनच मी दुसरी बाटली आणलीय. सकाळी पोहऱ्याने काढली, ती जशीच्या तशी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तीही चुलीवर चढली असती."

"आणि पाणी वाईट निघालं म्हणजे?"

"औषध टाकू, पुन्हा तपासू. लग्न होऊन आल्यापासून तेच पितेय मी. काय झालंय मला?"

"जीभ तेवढी वाढलीय."

सून आधी हसली, मग सासूबाईही.

"दे तुझीच बाटली आत. माझी निवली की दोघी पिऊ."

"पुढचे या," खिडकीतून हाक आली.

गवंडीकाकांनी बाटली उजेडात धरली. तळाशी तुरटीचा खडा अजून पुरता विरघळला नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे," ते मागच्याला म्हणाले. "मी जरा विहिरीवर जाऊन येतो."