मुकादमाला हवा असलेला पट्टा

दवाखान्याच्या बाकावर एका अनोळखी म्हातारीशेजारी दीर-भावजय कुजबुजत होते. भावजयीचा रंगारी नवरा परांचीवरून पडून आत बेशुद्ध होता.

"वहिनी, दादाचा सेफ्टीचा पट्टा कुठाय?"

"बाकाखाली, पिशवीत. रक्ताने माखलाय, भाऊजी. धुऊन टाकते."

"पाणीसुद्धा लावू नका! कुजलेला होता, म्हणून तुटला. तेवढाच पुरावा आहे. मुकादम सांगत सुटलाय, दादाने पट्टा बांधलाच नव्हता."

"हळू बोला. तो बघा, आलाच."

"ताई, कसे आहेत आता? आमचा पट्टा तेवढा द्या, सामान जमा करायचंय."

"कुठला पट्टा? त्यांनी बांधलाच नव्हता ना?"

मुकादमाची नजर बाकाखाली वळली. म्हातारीने सगळं ऐकलं होतं. तिने वाकून पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

"ही माझी आहे, बाबा."