लेखाच्या कडेला

विलेपार्ल्याच्या वाचनालयात मासिकं बदलायच्या रांगेत दशरथ एकाच बिल्डिंगमधल्या दोघी शेजारणींच्या मागे उभा होता. त्यांच्या हातातला अंक परत झाला, की तो त्याला मिळणार होता. पण अंक सुटायची चिन्हं दिसेनात.

“कमळ, हा माझ्याआधी तुझ्याकडे होता ना? मग ‘मुलांना मोकळं सोडा’ या लेखावर पेन्सिलीच्या रेघा कुणी ओढल्या? टोमणा मलाच ना?”

“मी कशाला ओढू गं? तुझ्या चंदूने ओढल्यात.”

“चंदूने? त्याला कुठे मिळाला अंक?”

“शनिवारी आमच्याकडे वाचत बसला होता.”

“शनिवारी तो क्लासला होता.”

“क्लास सुटल्यावर गं. आधी जांभळावर चढला आमच्या पोरांबरोबर. पडला, तेव्हा मीच हळद लावली गुडघ्याला.”

“मला म्हणाला, क्लासमधला बाक लागला!”

“घाबरतो तुला. उद्यापासून खाली सोडणार नाहीस म्हणून.”

“आणि तुला बरं सगळं सांगतो!”

“अनुपमा, चिडू नको यार. लेख पुरता वाचलास का?”

“रेघा बघितल्या आणि अंक मिटून टाकला.”

“मग शेवटचं पान काढ. कडेला बारीक अक्षरात लिहिलंय बघ.”

दशरथनेही मान पुढे काढली.

“‘मावशी, हे आईला वाचायला द्या ना. मी सांगितलं असं सांगू नका.’”

“बघ. म्हणून तर अंक तुला दिला.”

“मावशी?”

“अगं, पुढचं बघ ना काय लिहिलंय!”

“बिल्डिंगमधल्या सगळ्यांना काकू म्हणतो तो. तू मावशी कधीपासून झालीस?”